दुभंगलेली टाळू आणि मेंदूचा भरकटलेला वाद

पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक वाक्य फिरतं आहे: "फाटलेल्या ओठाच्या मुलांचा मेंदूसुद्धा वेगळा असतो, एमआरआयमध्ये सिद्ध झालंय." त्यावर लगेच दोन फळ्या पडतात. एका बाजूचे म्हणतात, मग या मुलांना वेगळ्या शाळेत घाला, अपेक्षा कमी ठेवा. दुसऱ्या बाजूचे चिडून सांगतात की हे सगळं थोतांड आहे, प्रश्न फक्त ओठाचा आणि टाळूचा, टाके घातले की मूल चारचौघांसारखं. दोन्ही फळ्यांत चांगल्या मनाची माणसं आहेत आणि दोन्ही फळ्या चुकताहेत. मेंदूच्या रचनेतला फरक खरा आहे आणि पालकांना तो सांगितला पाहिजे. पण त्या फरकावरून एकाही मुलाची बुद्धी ठरवता येत नाही. त्या माहितीचा खरा उपयोग एवढाच की कान, बोलणं आणि वाचन यांची तपासणी शस्त्रक्रियेइतकीच पक्की व्हावी. नाशिक जिल्ह्यात आज शस्त्रक्रिया मोफत मिळू शकते. तिच्या पुढचं बरंच काही वाऱ्यावर सोडलेलं असतं, म्हणून हा वाद नीट घालणं मला महत्त्वाचं वाटतं.

आधी मुळात काय सापडलं ते पाहू. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पेग नोपूलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर या विषयावर एमआरआयचे अभ्यास केले. इतर कोणताही जन्मजात आजार नसलेले, फक्त ओठ किंवा टाळू दुभंगलेले प्रौढ पुरुष त्यांनी घेतले आणि तशाच वयाच्या निरोगी पुरुषांशी तुलना केली. मेंदूच्या भागांची वाटणी वेगळी दिसली. पुढचे काही भाग सरासरीने मोठे होते, कानशिलामागचा आणि डोक्याच्या मागचा भाग सरासरीने लहान. मग ७ ते १७ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला आणि तिथे चित्र पालटलं. एकूण मेंदूच सरासरीने थोडा लहान, त्यातही कपाळामागचा भाग जास्त लहान. प्रौढांत जो भाग मोठा, तोच मुलांत लहान? याचा एक अर्थ असा असू शकतो की या मेंदूंची वाढ वेगळ्या गतीने होते. दुसरा असाही असू शकतो की दोन्ही गटांतली माणसंच वेगळी होती. "सिद्ध झालंय" म्हणून फिरवल्या जाणाऱ्या गोष्टीच्या पोटात एवढा मोठा प्रश्न आहे, हे पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

तरीही हे संशोधन झटकून टाकता येत नाही, कारण त्यामागे गर्भशास्त्राचा भक्कम आधार आहे. चेहरा आणि मेंदूचा पुढचा भाग वेगवेगळ्या खोल्यांत घडत नाहीत. गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या आठवड्यात मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, मिटते. तिच्या काठावरून सुटलेल्या पेशी पुढे सरकतात आणि त्यांच्यातून चेहऱ्याची हाडं, कूर्चा, ओठांचे उंचवटे तयार होतात. त्या उंचवट्यांनी किती आणि कुठे वाढायचं याचे काही रासायनिक निरोप त्यांच्या मागेच वाढणाऱ्या मेंदूकडून येतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात मधला आणि बाजूचा उंचवटा एकमेकांना भिडला नाही तर ओठ दुभंगतो. टाळूचं काम त्यानंतरचं. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास जीभ खाली बसते, पडदे वर उचलले जाऊन आडवे होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत मधोमध सांधले जातात. उचलायला उशीर झाला, रुंदी कमी पडली किंवा कडा चिकटल्या नाहीत, की टाळूत फट राहते. जी दोन अंगं एकाच काळात, एकमेकांच्या निरोपांवर घडतात, त्यांपैकी एकात खोट आली तर दुसऱ्यात बारीकसा फरक असावा, यात अचंबा वाटण्यासारखं काही नाही.

आणि याच कारणाने दोष आईच्या पदरात टाकायची आपली जुनी सवय मोडायला हवी. ग्रहणात विळी हातात घेतली, वेध पाळले नाहीत, म्हणून बाळाचा ओठ चिरला, हे वाक्य आजही नाशिकच्या वाड्यांतून आणि पाड्यांवरून ऐकू येतं. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचं खग्रास चंद्रग्रहण देशभर दिसलं. त्या रात्री गरोदर असलेल्या बहुतेक स्त्रियांच्या गर्भाचा ओठ त्याआधीच सांधून झाला होता किंवा त्याची वेळ यायची होती. सांधण्याचे दिवस मोजकेच असतात आणि अनेकदा आईला दिवस गेल्याचं नक्की कळायच्या आसपासच ते येऊन जातात. खरी कारणं अनेक जनुकांची मिळून असतात. त्यांच्या जोडीला धूम्रपान, फिट्सवरची व्हॅलप्रोएट किंवा टोपिरामेटसारखी औषधं, घराण्यातला पूर्वेतिहास. बहुतेक घरांत एक कारण बोटाने दाखवता येत नाही. आता विळीच्या जागी "बाळाच्या मेंदूतच दोष होता" हे वाक्य आलं, तर आईवरचा ठपका फक्त आधुनिक कपडे घालून परत येईल.

विरोधी बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा नेमका इथेच आहे. मेंदूबद्दल बोलूच नका, असं म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. ओठातली फट १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत अनेकदा दिसते. नुसती टाळूची फट बहुधा दिसत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने ठरवलेल्या काही गटांतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे, आणि गंभीर गर्भदोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने त्यापुढेही. अशा वेळी सोनोग्राफीच्या खोलीत कोणी "मेंदू" हा शब्द सैलपणे उच्चारला, तर शिवून पूर्ण बरं होऊ शकणाऱ्या ओठासाठी घरचे लोक वेगळाच निर्णय घेऊन बसतील. ही भीती मी पूर्ण मान्य करतो. पण लपवून ती टळते का? त्याच संध्याकाळी मोबाइलवर "फाटलेला ओठ मेंदू" असं टाइप केलं की अर्धवट माहिती समोर येते, आणि डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी दडवलं हा संशय जोडीला येतो. दडवलेल्या खऱ्यापेक्षा प्रमाणासकट सांगितलेलं खरं कमी घाबरवतं.

प्रमाण म्हणजे काय, तर सरासरी आणि एकेक मूल यांतलं अंतर. द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगायची गरज नाही. समजा निफाडच्या एका बागेत मण्याची सरासरी जाडी १७ मिलिमीटर भरली आणि शेजारच्या बागेत साडेसतरा. हजार मणी मोजले तर फरक पक्का दिसेल. पण डोळे मिटून एक मणी हातात दिला, तर तो कुठल्या बागेतला हे कोणीही सांगू शकणार नाही. मेंदूच्या आकारमानातले हे फरक त्याच जातीचे आहेत. दोन्ही गटांची टोकं एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की एका मुलाचा एमआरआय पाहून "याचा ओठ दुभंगलेला होता" असं ओळखता येत नाही, मग "याला गणित जमणार नाही" हे कसं ओळखणार? डेन्मार्कमध्ये तर संपूर्ण देशाच्या नोंदी घेऊन नववीच्या परीक्षेतले गुण तपासले गेले. ओठ दुभंगलेली मुलं, ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेली मुलंसुद्धा, इतरांच्या बरोबरीने होती. फक्त टाळू दुभंगलेल्या मुलांचा गट मागे होता. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण चेहऱ्यावर काहीच न दिसणारं मूलच तिथे मागे राहत होतं. जे दिसतं त्यावरून मन बांधणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणतं हवं?

दिसण्यावरून बुद्धी जोखण्याचा इतिहास आपल्या अगदी अंगणातला आहे. एच. एच. रिझ्ले या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या लोकांची नाकं मोजली आणि नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड लावून दाखवली. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी ती मापं घेऊनच त्या मांडणीतल्या त्रुटी उघड केल्या. इरावती कर्वे तर १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. युजेन फिशर हे जर्मन मानववंशशास्त्रज्ञ त्यांचे मार्गदर्शक. गोऱ्या युरोपीय माणसांच्या कवटीच्या दोन बाजूंत इतरांपेक्षा जास्त फरक असतो आणि त्यातून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते, हे फिशर यांचं गृहीतक त्यांना तपासायचं होतं. १४९ कवट्या मोजून बाईंनी लिहिलं की वंशाचा आणि या फरकाचा काही संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, परक्या देशात. मेंदूच्या मापाची गोष्ट आली की मला हे उदाहरण सगळ्यात आधी आठवतं. मोजायला कर्वे यांनी नकार दिला नाही, काटेकोर मोजलं आणि मापाला जेवढं बोलता येतं तेवढंच बोलू दिलं. आजच्या एमआरआयशी वागायची रीत हीच.

आणि नाशिकला चेहऱ्याबद्दल वेगळं सांगायला नको. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक पंचवटीत कापलं आणि त्या नासिकेवरून गावाला नाव पडलं, ही कथा इथलं शेंबडं पोरही सांगतं. नाक कापलं जाणं म्हणजे मान जाणं, हे आपल्या भाषेच्या हाडात मुरलेलं आहे. त्याच मुलखातली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १७९० च्या दशकात पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून एका देशी कारागिराने पुन्हा उभं केलं. १७९४ मध्ये त्याचं वर्णन लंडनच्या नियतकालिकात छापून आलं आणि युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी ती रीत उचलली. चेहरा दुरुस्त करणं आपल्याला तेव्हाही जमत होतं. चेहऱ्यामागच्या माणसाबद्दलचा समज दुरुस्त करणं अजून जमलेलं नाही.

याचा पुरावा आयोवातच आहे. लिन रिचमन या मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये दाखवलं की ज्या हुशार मुलांचा चेहरा ठळकपणे वेगळा दिसतो, त्यांची क्षमता शिक्षक प्रत्यक्षापेक्षा कमी धरतात. याच रिचमन यांनी पुढे या मुलांत वाचनाची अडचण किती आहे हे मोजलं. ती जवळजवळ तिघांत एकाला, म्हणजे इतर मुलांपेक्षा पुष्कळ जास्त आढळली. एकाच संशोधकाचे हे दोन निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत. अडचण खरी आहे, आणि शिक्षक ती चुकीच्या ठिकाणी शोधतात. या मुलांची समज बहुधा शाबूत असते. अडतं ते पाहिलेल्या वस्तूचं नाव झटकन ओठावर आणण्यात आणि ऐकलेलं क्षणभर धरून ठेवण्यात.

वर्गात कानावर पडतं ते मात्र "गेंगाणं" बोलणं, आणि गेंगाणा म्हणजे मंद असं समीकरण मनात आपोआप जुळतं. हे समीकरण एका छोट्या आरशाने तपासता येतं. आरसा मुलाच्या नाकपुड्यांखाली आडवा धरा आणि त्याला म्हणायला सांगा, "पोपट पपई खातो." या वाक्यात एकही अनुनासिक नाही. मऊ टाळू मागे जाऊन नाकाची वाट बंद करत असेल तर आरसा स्वच्छ राहतो. आरशावर वाफ धरली तर हवा वर निसटते आहे. "मामा" म्हणताना आरसा धुरकटतो तो सगळ्यांचाच. हवा तोंडात कोंडली गेली नाही तर प, ट, क फुटतच नाहीत. मग मूल आपल्या परीने तोड काढतं, क हा आवाज टाळूऐवजी खाली घशात अडवून काढतं, आणि "काका" ऐकणाऱ्याला "आआ" वाटतं. ही सवय एकदा बसली की टाळू शिवूनही ती आपोआप सुटत नाही. ती सोडवायला वाचा-उपचार लागतात, आठवड्यांचे नव्हेत, महिन्यांचे. यात बुद्धीचा भाग किती? हवा कोंडणाऱ्या एका झडपेचा हा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न कानाचा, आणि माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी गिळताना उघडते ती टाळूच्याच एका स्नायूमुळे. टाळू दुभंगलेल्या बाळांत तो स्नायू भलत्या जागी चिकटलेला असतो, नळी उघडत नाही, आणि मधल्या कानात गोंदासारखं चिकट पाणी साचतं. टाळू दुभंगलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला कधी ना कधी हे होतं. कान ठणकत नाही, वाहत नाही, म्हणून कोणी पाहत नाही. ऐकू २० ते ३० डेसिबल कमी येतं. हाक ऐकू येते, त्यामुळे आजी म्हणते, "ऐकू येतं की त्याला." पण पंख्याच्या घरघरीत बाईंनी "प" म्हटलं की "फ", "त" की "थ", हे त्या कानाला कळत नाही. भाषा बसण्याची पहिली तीन वर्षं अशा कानाने काढलेल्या मुलाच्या मेंदूत भाषेचा भाग वेगळा वाढला, तर तो फरक जन्माचा म्हणायचा की कानाचा? एमआरआय हे सांगू शकत नाही. तो फरक दाखवतो, फरकाचा बाप कोण हे दाखवत नाही.

शस्त्रक्रिया आधी, बाकीचं नंतर, पैसा आणि माणसं मर्यादित आहेत, असाही एक आक्षेप येतो. तो व्यवहारी आहे. सुरगाण्याहून किंवा पेठहून तान्हं बाळ घेऊन नाशिकला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. पण शस्त्रक्रियेचा मुहूर्तसुद्धा आधीच्या काळजीवरच अवलंबून असतो. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी जुना ढोबळ नियम आहे, दहाचा: वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. टाळूसाठी सर्वसाधारणपणे ९ ते १८ महिने. २०२३ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या केंद्रांच्या मोठ्या चाचणीत सहाव्या महिन्यात टाळू शिवलेल्या मुलांपैकी ८.९ टक्के मुलांची टाळू पाचव्या वर्षी बोलताना पुरेशी बंद होत नव्हती. बाराव्या महिन्यात शिवलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे वेळेला किंमत आहे. पण सहाव्या महिन्यात पाच किलोही न भरलेल्या बाळाला भूल कोण देणार? आणि वजन का भरत नाही, तर टाळू उघडी असल्याने बाळाला ओढ घेता येत नाही. ते तासभर छातीशी धडपडतं, थकून झोपतं, आईला वाटतं पोट भरलं. काढलेलं दूध बाळाला जवळजवळ बसतं धरून, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने गालाच्या कडेने थोडं थोडं द्यायचं, मधूनमधून ढेकर काढायचा, आणि एक वेळचं पाजणं अर्ध्या तासात आटपायचं. त्याहून लांबलं तर मिळालेल्या दुधाची ताकद पिण्यातच खर्च होते. पहिल्या वर्षातली उपासमार आणि लोहाची कमतरता मेंदूच्या वाढीला मारते, हे कोणत्याही एमआरआयपेक्षा पक्कं ठाऊक आहे. आणि ते रोखायला लागतं ते एक बोंडलं आणि दाखवणारी एक परिचारिका.

भुलेबद्दलही पालक विचारतात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल देण्याबद्दल इशारा दिला होता. तान्हेपणी तासाभरापेक्षा कमी भूल दिलेल्या मुलांच्या बुद्ध्यांकात पाचव्या वर्षी फरक नसल्याचं २०१९ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं. त्या धास्तीने शस्त्रक्रिया लांबवू नये.

मग या मेंदूच्या माहितीचं करायचं काय? प्रत्येक बाळाचा एमआरआय तर नक्कीच नाही. लहान मुलाला त्यासाठी गुंगी द्यावी लागते आणि निष्पन्न काही होत नाही. डोकं वयाच्या मानाने लहान असेल, झटके येत असतील, मान धरणं-बसणं फारच लांबलं असेल, वरचा पुढचा दात मधोमध एकच असेल, तर एमआरआय जरूर करावा. टाळूच्या फटीबरोबर हृदयदोष किंवा रक्तात कॅल्शियम कमी असेल तर २२ व्या गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे का याची रक्ततपासणी हवी. त्या मुलांच्या शिकण्याची आणि मनाची वाट खरोखर वेगळी असते. बाकीच्यांसाठी यंत्रणा आधीच उभी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. दुभंगलेला ओठ आणि टाळू त्याच्या यादीत आहेत. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. २०११ च्या जनगणनेत ६१ लाख लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात, जन्मांचा अंदाज धरला तर, वर्षाला अशी शंभरेक बाळं येत असावीत. हे आकडे आवाक्याबाहेरचे नाहीत. पण "शस्त्रक्रिया झाली" अशी नोंद झाली की फाइल मिटते. ती मिटू नये एवढीच मागणी आहे. जन्मल्यावर बोट आणि बॅटरीने टाळू पाहणं, पडजीभ दुभंगलेली आहे का हेही. पहिल्या तीन महिन्यांत आणि नंतर दर सहा महिन्यांनी कानाची तपासणी. दीड वर्षाला शब्द किती, तीनला प-ट-क येतात का. आणि दुसरीत असताना वाचनाची चाचणी. ओळखीची पाच चित्रं उलटसुलट क्रमाने दहा वेळा मांडलेला तक्ता घ्यायचा आणि सगळी नावं सांगायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. जोडाक्षरावर मूल सतत अडखळतं का तेही. अडचण दिसली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचादोष आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत, परीक्षेत सवलत मिळू शकते. ती मुलाला बाहेर काढण्यासाठी नाही, वर्गात टिकवण्यासाठी आहे.

आणि सोनोग्राफीच्या खोलीत बसलेल्या त्या जोडप्याला काय सांगायचं? एवढंच सांगता येईल: "बाळाचा ओठ सांधलेला नाही, तो शिवता येतो. टाळूचं जन्मल्यावर कळेल. बाकी अवयव आपण आज नीट पाहतो आहोत, हृदय आणि मेंदूसुद्धा. नुसता ओठच असेल तर अशी मुलं शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकतात. टाळूही उघडी असली तर काहींना ऐकायला आणि वाचायला जास्त मदत लागते, ती आपण तिसऱ्या महिन्यापासून द्यायला लागू. ताई, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही." हे सासूबाई खोलीत असतानाच सांगावं.